‘मावशी, तू आईसारखं वाचतेस’

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका चाळिशीतल्या आहेत. यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्या, म्हणजे साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या, त्या आवडीने वाचतात आणि नियमित परीक्षणं लिहितात. त्यात फँटसी जास्त असते, आजच्या जगातल्या साध्या मुलामुलींच्या गोष्टी कमी. अलीकडे त्यांच्यापुढे दोन पेच आले.

पहिला एका समकालीन कादंबरीचा. तिच्यातली १६ वर्षांची नायिका वार्षिक परीक्षेत नापास होते आणि ते जवळजवळ पुस्तकभर आईपासून लपवते. ‘अर्ध्या पानात सुटणाऱ्या प्रश्नाची तीनशे पानं’ असं लिहून पत्रलेखिकेने दोन तारे दिले. पहिल्याच प्रकरणात आई मुलीला ‘निदान तुझी तरी मला काळजी नाही’ असं म्हणते, हे वाक्य मात्र त्यांना आवडलं होतं. त्याच पुस्तकाची पारायणं करणारी त्यांची भाची परीक्षण वाचून म्हणाली, “मावशी, तू आईसारखं वाचतेस.”

दुसरा पेच एका नवोदित लेखिकेच्या फँटसीचा. प्रकाशकाने प्रकाशनपूर्व प्रत पाठवली आहे. जादू वापरली की वापरणाऱ्याची एक आठवण कायमची जाते, ही कल्पना पत्रलेखिकेला फार आवडली, पुस्तक आवडलं नाही. ‘कुठली आठवण गेली हे मला दोन पानांनी आठवतही नव्हतं,’ असं त्या लिहितात. पण लेखिकेचं पहिलंच पुस्तक आहे, मालिकेचा पहिला भाग आहे, प्रत फुकट आली आहे, म्हणून चार तारे द्यावेत असं त्यांच्या मनात आहे आणि ते खटकतंही आहे. त्यांचा प्रश्न असा: ‘या पुस्तकांची खरी वाचक मी नाहीच. मग परीक्षण लिहिणं थांबवू, की जरा सैल हाताने लिहू?’

उत्तर:

थांबू नका. आणि सैल हाताने तर अजिबात लिहू नका. पण हे दोन्ही का, ते सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्यासारखी पत्रं मला वरचेवर येतात आणि त्यातल्या बहुतेकांत वयाची लाज पहिल्या ओळीत असते.

ती लाज आधी बाजूला करू. ग्रंथव्यवहाराची आकडेवारी ठेवणाऱ्या बाउकर या संस्थेने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या खरेदीबद्दल सांगितलं होतं, की १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी म्हणून निघणारी पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. त्यातला सगळ्यांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा. मुलांसाठी घेत असतील, असं वाटेल. तेही विचारलं गेलं होतं: ७८ टक्के वेळा पुस्तक स्वतःसाठीच घेतलेलं होतं. तेव्हा एका प्रचंड गाजलेल्या मालिकेची लाट होती, हे खरं. तरीही एका मालिकेवर एवढा मोठा आकडा उभा राहत नाही. तुम्ही चोरून आत शिरलेल्या नाही आहात, दिवाणखाना तुमच्यासारख्यांनीच भरलेला आहे.

आणि ही पुस्तकं लिहितं कोण? मोठी माणसंच. संपादन, मुखपृष्ठ, विक्री, सगळं मोठी माणसं करतात. १८ वर्षांच्या मुलीने लिहिलेलं पुस्तक छापून येतं तेव्हा ती बातमी होते. १९६७ मध्ये ‘द आउटसायडर्स’ आलं तेव्हा एस. ई. हिंटन तेवढ्याच वयाच्या होत्या. नावाची नुसती आद्याक्षरं छापायचा सल्ला त्यांना प्रकाशकाने दिला, कारण लेखक मुलगी आहे हे कळलं तर पुरुष परीक्षक टोळ्यांमधल्या मुलांची गोष्ट उघडायच्या आधीच नाक मुरडतील, ही धास्ती. म्हणजे या प्रकारच्या आधुनिक कादंबरीची सुरुवात जिथून मोजतात, तिथेच परीक्षकाच्या पूर्वग्रहाला चुकवायची युक्ती करावी लागली होती. परीक्षकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

याल्सा ही अमेरिकन ग्रंथालय संघटनेची शाखा किशोरवयीन वाचकांसाठी काम करते. तिने या बाबतीत केलेली सोय मला शहाणपणाची वाटते. यंग अ‍ॅडल्ट पुस्तकासाठीचा तिचा प्रिंट्झ पुरस्कार २००० पासून दिला जातो आणि तो एक निवड समिती ठरवते. दुसरीकडे ‘टीन्स टॉप टेन’ नावाची यादी आहे, तिच्यातली पुस्तकं मुलंच सुचवतात आणि मुलंच मत देऊन निवडतात. एकाच संघटनेत दोन्ही नांदतात, आणि याद्या जुळल्या नाहीत म्हणून कुणी कुणाचा अधिकार काढून घेत नाही. तुमची आणि भाचीची मतं जुळलीच पाहिजेत, असं तुम्ही का धरून चालला आहात?

पण तुमच्या भाचीने तुमच्या अधिकाराबद्दल चकार शब्द काढलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? ‘तू मोठी आहेस, गप्प बस’ असं ती म्हणाली नाही. तू आईसारखं वाचतेस, म्हणाली. तुम्ही ते वयावर घेतलंत. ती मात्र बोलत होती ते तुम्ही गोष्टीत कुठे उभ्या राहिलात त्याबद्दल. आणि माझ्या मते तिचं म्हणणं बरोबर आहे.

किशोरवयीन नायिका असलेली सगळीच पुस्तकं या प्रकारात मोडत नाहीत. मोठ्यांसाठीच्या कादंबरीतही सोळा वर्षांची मुलगी असू शकते. पण तिथे पुष्कळदा कुणीतरी मागे वळून पाहत असतं. ‘तेव्हा मला कळलं नव्हतं’ हे वाक्य लिहिलेलं नसलं तरी ते पानाच्या पाठीमागे असतं. यंग अ‍ॅडल्ट कादंबरी ही सोय सहसा नाकारते. निवेदन बहुधा प्रथमपुरुषी, अनेकदा वर्तमानकाळातलं, आणि सांगणारी प्रसंगाच्या ऐन मध्यात. पुढे काय होणार हे तिला ठाऊक नाही. नापास होणं ही आयुष्यातली एक बारकी घटना आहे, हे तुम्हाला कळतं कारण तुम्ही चाळिशीत आहात. त्या मुलीला ते कळलं तर पुस्तकच खोटं ठरेल.

म्हणून ‘सरळ सांगून का टाकत नाही?’ हा तुमचा वैताग टीका म्हणून तसाच्या तसा चालणार नाही. तो प्रश्न मात्र उत्तम आहे, फक्त तो लेखिकेला विचारायला हवा. मुलगी गप्प बसते, त्या गप्प बसण्याला पुस्तकाने कारण दिलं आहे का? गुपित जितकं लांबतं तितकी त्याची किंमत वाढते का, की पानं वाढतात आणि धोका होता तिथेच राहतो? ती एकदा तरी सांगायला जाते का, आणि गेली तर तोंडून शब्द का फुटत नाही ते दिसतं का? या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नसतील तर मुलीला गप्प बसवलं आहे ते केवळ कथानक चालू राहावं म्हणून. मग दोन तारेही जास्त झाले.

पण तुम्हीच लिहिता, की पहिल्या प्रकरणात आई म्हणते, ‘निदान तुझी तरी मला काळजी नाही.’ वाक्य आवडलं, असंही लिहिता. अहो, मग ती सांगणार कशी? त्या एका वाक्याने तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं आहे. पुढची तीनशे पानं त्या वाक्याचा भार पेलतात की नाही, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न असणार. कदाचित पेलत नसतील. मध्यावर लेखिका ते वाक्य विसरलीही असेल. पण तुमच्या परीक्षणात ते तपासलेलं दिसत नाही. ते पुन्हा उघडा, पहिल्या प्रकरणापासून वाचा आणि मत बदललं तर परीक्षणात तारीख घालून तसं लिहा. नाही बदललं, तर निदान कारण बदलेल.

फँटसी वाचताना तुम्ही असा वैताग करत नाही, हेही जाता जाता सांगते. राजवाड्यातला कट एकटीला कळलेली सतरा वर्षांची मुलगी तो कुणालाच न सांगता तलवार उचलून निघते, आणि आपण आनंदाने तिच्या मागे जातो. तिथे आईवडील पहिल्या पाच पानांत मारलेले, कैद केलेले किंवा समुद्रापार धाडलेले असतात. ही लेखकांची जुनी सोय आहे: मोठ्यांना बाजूला केल्याशिवाय मुलांना निर्णय घेता येत नाहीत. समकालीन कादंबरीत ही सोय नाही. तिथे आई शेजारच्या खोलीत असते, फोनवर असते, जेवायला हाक मारते. तरी निर्णय मुलीलाच घ्यायचा आहे. हे लिहिणं ड्रॅगन उडवण्यापेक्षा अवघड आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि परीक्षणांत त्याची दखल फार कमी घेतली जाते. फँटसीच्या परीक्षणात आपण जगाच्या रचनेवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहितो आणि समकालीन कादंबरीला ‘अगदी आपलीशी वाटली’ एवढ्यावर उरकतो. तिथेही जग रचलेलंच असतं. मधल्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला पैसे मागावे लागतात आणि कुणाला नाही, कोणत्या मेसेजला उत्तर न देणं म्हणजे भांडण: हे त्या जगाचे नियम. ते पक्के आहेत का, आणि मोडले तर काही घडतं का, हे तुम्हाला उत्तम तपासता येईल. फँटसीने तुमचा हात त्यात तयार केला आहे.

आता वयाच्या प्रश्नाचा दुसरा पदर. तुमच्या आधीच्या परीक्षणांतली काही वाक्यं तुम्ही पत्रासोबत पाठवलीत. त्यात ‘किशोरांना नक्की आवडेल’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. ते काढून टाका. किशोर नावाचा एक वाचक कुठेही नसतो. संथ, पावसाळी, फारसं काही न घडणारी गोष्ट आवडणारी मुलगी असते आणि तिसऱ्या पानावर कुणी मेलं नाही तर पुस्तक मिटणारा मुलगा असतो. वाचकाचं वर्णन त्याच्या आवडीवरून करा, वयावरून नको. भाचीलाही ‘मुलांचं मत’ म्हणून परीक्षणात आणू नका, ती फक्त तिच्यापुरतं बोलते. तिला विचारायचंच असेल तर ‘का आवडलं?’ विचारू नका, त्यावर कुणीही ‘असंच’ म्हणतं. पुस्तक कोणत्या पानावर मिटून बाजूला ठेवावं लागलं, ते विचारा. मग ते पान तुम्ही वाचा. मतं जुळायची गरज नाही, पण ती कुठे उभी राहून वाचते हे तुम्हाला दिसेल.

‘संदेश चांगला आहे’ हेही त्याच पठडीतलं. हे वाक्य पालक लिहितात, आणि पालक म्हणून ते ठीकच आहे. प्रिंट्झ पुरस्काराच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे की लोकप्रियता हा निकष नाही, आणि संदेशही नाही. शोध साहित्यगुणांचा आहे. शेवटच्या पानावर नायिकेला शहाणपण येतं म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही. ते शहाणपण तिने कमावलेलं आहे की लेखिकेने तिच्या हातावर ठेवलेलं आहे, एवढंच पाहायचं. आत्महत्या, स्वतःला इजा, अत्याचार असे विषय पुस्तकात असतील तर त्यांची सूचना मात्र जरूर द्या. ती परीक्षणाच्या अखेरीला, वेगळ्या ओळीत, गोष्ट न फोडता आणि गुणदोषांत न मिसळता. एखादं पुस्तक अवघड विषयावर आहे म्हणून ते ना वाईट ठरत, ना धाडसी.

आता त्या नव्या लेखिकेकडे येऊ.

तुम्ही चार तारे कशासाठी देणार आहात? पत्रात तीन कारणं आहेत: पहिलं पुस्तक, पहिला भाग, फुकट प्रत. तिन्हींपैकी एकही कारण पुस्तकाच्या आतलं नाही. तुम्हाला खटकतं आहे ते हेच.

फुकट प्रतीचं आधी संपवू, कारण त्यात फारसा पेच नाही. प्रकाशनपूर्व प्रत परीक्षणासाठी दिली जाते, कौतुकासाठी नाही, आणि प्रकाशकांना हे चांगलं ठाऊक असतं. प्रत भेट मिळाली आहे, हे एका ओळीत सुरुवातीलाच सांगा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा लाभाची माहिती उघड करण्याची अपेक्षा स्पष्ट केली. नियम नसता तरी वाचकाला ते कळायला हवंच होतं. शिवाय अशी प्रत अंतिम नसते. वाक्यं बदलतात, कधी एखादं प्रकरणही बदलतं. उद्धृत करायचं असेल तर छापील पुस्तकाशी ताडून मगच करा. आणि ज्या चुका मुद्रितशोधनात जाणारच आहेत, त्यांवर परीक्षणात जागा घालवू नका.

पहिला भाग म्हणून सवलत द्यावी का? अर्धवट. मालिकेचा मोठा प्रश्न पहिल्या भागात सुटणार नाही, हे मान्य. पण त्या भागाचा स्वतःचा एक प्रश्न असायला हवा आणि तो त्याच भागात मिटायला हवा. तुमच्या लेखिकेच्या पुस्तकात शेवटच्या पानावर दार उघडतं आणि पुस्तक संपतं, असं तुम्ही लिहिता. दार उघडायला हरकत नाही. त्याआधी काही बंद झालं का, एवढं पाहा. नायिका सुरुवातीला ज्या गोष्टीला घाबरत होती तिच्याशी तिचं काही निकालात निघालं असेल, तर तो भाग पुरा आहे. नसेल, तर तुम्हाला पुस्तक मिळालंच नाही, लांबलचक पहिलं प्रकरण मिळालं. वाचकाने पैसे देण्याआधी त्याला हे कळायला हवं.

आणि पहिलं पुस्तक. इथे तुमचा जीव कळवळतो आहे ते मला समजतं. पण दयेने दिलेला चौथा तारा लेखिकेला काहीच सांगत नाही. तुम्ही मात्र पत्रात, परीक्षण म्हणून नव्हे तर तक्रार म्हणून, त्या पुस्तकाबद्दलचं सगळ्यांत मोलाचं वाक्य लिहून बसला आहात: कुठली आठवण गेली हे तुम्हाला दोन पानांनी आठवतही नव्हतं. जादूची किंमत आठवणींनी चुकवायची, तर जी आठवण जाणार ती आधी वाचकाजवळ असायला हवी. तिच्यात वाचक चार घटका राहिलेला हवा. नायिका आजीचा आवाज विसरली, असं नुसतं सांगून भागत नाही. तो आवाज आपण आधी ऐकलेला असेल, तरच तो गेल्याचं आपल्याला लागेल. कल्पना भक्कम आहे, तिची मांडणी कच्ची आहे, आणि नेमका हा दोष पुढच्या भागात दुरुस्त होण्यासारखा आहे. हे लिहिण्यात कठोर काय आहे? मला तर यात आदर दिसतो: लेखिकेने घालून दिलेल्या नियमानेच तुम्ही तिला मोजता आहात.

काही परीक्षक अशा वेळी गप्प राहतात. आवडलं नाही तर लिहीतच नाहीत. तो मार्ग अप्रामाणिक नाही, विशेषतः पुस्तक निम्म्यावर सोडलं असेल तर. पण कायम तेच केलं की तुमच्या नावावर नुसती स्तुती साठते, आणि तुमच्या ‘आवडलं’ला वजन कशाच्या तुलनेत आहे ते वाचकाला कळेनासं होतं. तुम्ही पुस्तक पुरतं वाचलं आहे, त्यावर विचार केला आहे. लिहा.

ताऱ्यांबद्दल एवढंच: ते शेवटी द्या, परीक्षण लिहून झाल्यावर. आधी आकडा ठरला की वाक्यं त्याची वकिली करू लागतात. शिवाय तारा म्हणजे काय, याबद्दल आपण सगळे उगाच हळवे आहोत. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक होतं’ आणि तीन ताऱ्यांचा अर्थ ‘आवडलं’ असा दिलेला आहे. प्रत्यक्षात तीन मिळाले की लोकांना पुस्तक नापास झाल्यासारखं वाटतं, ही आपणच करून ठेवलेली महागाई. तुमचे तारे काय सांगतात ते एकदा ठरवा, परीक्षणांच्या वर लिहून ठेवा आणि मग कुणाच्याही पहिल्या पुस्तकासाठी ते वाकवू नका. तुमच्या वर्णनावरून हे पुस्तक मला तीनचं वाटतं. तुम्हाला वाचून अडीचचं वाटलं, तर तुमचं खरं.

एक सवय लावून घेता आली तर पाहा. वाचताना जिथे चिडचिड होईल तिथे पेन्सिलने नुसती खूण करा, शेरा लिहू नका. पुस्तक संपल्यावर त्या खुणांकडे परत जा आणि प्रत्येकीला विचारा: हे मला माझ्या वयामुळे खटकलं, माझ्या आवडीमुळे, की पुस्तकाने स्वतःच दिलेला शब्द मोडल्यामुळे? पहिल्या प्रकारच्या खुणा खोडा. दुसऱ्या प्रकारच्या ‘मला’ हा शब्द घालून लिहा, म्हणजे ज्याची आवड वेगळी तो आपलं पाहून घेईल. परीक्षणाचा कणा तिसऱ्या प्रकारच्या खुणांचा असू द्या. बऱ्याचदा त्या सगळ्यांत कमी असतात.

आणि परीक्षण लिहून झालं की प्रकाशकाला पाठवा, ते तुमचं ठरलेलं काम आहे. अमुक तारखेआधी परीक्षण प्रसिद्ध करू नका अशी अट प्रतीबरोबर आली असेल तर ती पाळा. लेखिकेला मात्र ते स्वतःहून पाठवू नका, समाजमाध्यमांवर तिच्या नावाला जोडूही (टॅग करूही) नका. पहिल्या पुस्तकाच्या आठवड्यात ती आधीच दर तासाला काहीतरी उघडून बघत असेल. तुमचं मत तिला हवं असेल तेव्हा ती ते शोधून वाचेल.